शीर सापडेना

“तिथं नका टोचू मॅडम, ती कधीच मेली. इथं बघा.”

डाव्या पायाच्या घोट्याशी, आतल्या अंगाला, त्यानं बोट टेकवलं. मी त्याच्या दोन्ही हातांवर मिळून पाच वेळा टोचून झालं होतं. कोपराच्या खोबणीतल्या शिरा सुतळीसारख्या कडक झालेल्या, मनगटावरच्या दिसायच्या पण सुई लावली की आत काहीच नाही. त्याच्या बोटाखाली मात्र एक मऊ, दबणारी शीर होती. पहिल्याच फटक्यात रक्त आलं. “सांगितलं होतं ना,” तो म्हणाला. शेजारच्या खाटेवरचे हर्नियाचे काका हसले. मला हसू आलं नाही. राग आला.

२००३ सालचा पावसाळा. मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मी सर्जरीची पहिल्या वर्षाची रेसिडेंट होते. वॉर्डात पेशंटला आम्ही खाटेच्या नंबरानं ओळखायचो, तो सतरा नंबर. उजव्या दंडावर लिंबाएवढं गळू, अंगात ताप, नखांत काळं. केस पेपरवर कॅज्युअल्टीतूनच कुणीतरी इंग्रजी आद्याक्षरं ठोकून पाठवली होती, म्हणजे सुईनं नशा करणारा. त्या दोन-तीन अक्षरांनी पुढची सगळी वागणूक ठरायची. मावशी त्याचा चहा खाटेच्या पायाशी ठेवायच्या. मामा त्याला ड्रेसिंगला सगळ्यांत शेवटी न्यायचे. सिस्टर येताजाता म्हणायच्या, “पाकिटं सांभाळा रे सगळ्यांनी.” मी यातलं काही केलं नाही असं लिहायला आवडलं असतं. माझ्या तोंडी ‘गर्दुल्ला’ हा शब्द अगदी सहज होता.

शब्दाचंही गंमतशीर आहे. शाळेत ‘गर्द’ म्हटलं की झाडी आठवायची. फारसीत गर्द म्हणजे धूळ, आणि ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात जी तपकिरी पूड आली, तिला हे दुसरं नाव चिकटलं. हेरॉइनच, पण कच्चं, भेसळीचं. बहुतेक जण ते चांदीच्या कागदावर, म्हणजे पन्नीवर, जाळून धूर ओढतात. पैसे कमी पडायला लागले, किंवा धुरानं भागेनासं झालं, की काही जण सुईकडे वळतात. तेवढ्याच मालात जास्त परिणाम, असा साधा हिशोब असतो. हा हिशोब मला पुढे कितीतरी वर्षांनी कळला. तेव्हा वाटायचं, माणूस हौसेनं स्वतःला टोचून घेतो.

गळू फोडलं, वाटीभर पस निघाला, आत गॉज भरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला टर्की सुरू झाली. हा शब्दही त्यांचाच. माल बंद झाला की शरीर जे करतं ते म्हणजे टर्की. जांभयांवर जांभया, डोळ्यांतून नाकातून पाणी, अंगावर काटा, बाहुल्या मोठ्या, पोटात पिळे, जुलाब, आणि हाडांच्या आतून दुखणं. पाय खाटेवर आपटत होता तो. “मॅडम, काहीतरी द्या, उद्यापर्यंत थांबतो.” मी डायक्लोफेनॅकचं, म्हणजे साध्या वेदनाशामकाचं, इंजेक्शन दिलं आणि मानसोपचार विभागाला चिठ्ठी लिहिली, ते लोक दुसऱ्या दिवशी दुपारी राउंडला येणार. सिस्टर म्हणाल्या, “नाटकं आहेत डॉक्टर, इंजेक्शन उकळायची.” मला पटलं. पहाटे चारला तो सलाइन काढून निघून गेला.

अशा पेशंटला आम्ही ‘डामा’ म्हणायचो. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध गेला, असा त्याचा अर्थ. कागदावर सही असली तर उत्तमच, नसली तर ‘पळाला’ असं लिहायचं. मी लिहिलं. हस्ताक्षर चांगलं होतं माझं त्या काळात.

अकरा दिवसांनी तो परत आला. या वेळी उजव्या जांघेत सूज, लालभडक, तापाने अंग फणफणलेलं. मी विचारलं, इथं टोचलंस का. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मला ओळखलं, आणि म्हणाला, “नाही मॅडम. सायकलवरून पडलो.” दंडावरचे व्रण समोर दिसत होते, तरी मी वाद घातला नाही. गळू आहे, फोडायचं, एवढंच. मायनर ओटीत घेतलं, बीटाडीन लावलं, ब्लेड हँडलला चढवलं. इतक्यात त्यानं माझं मनगट धरलं.

“मॅडम, खरं सांगू? तिथंच टोचत होतो. आणि आता आत धडधडतंय.”

हात ठेवून पाहिला. धडधडत होतं. जांघेतल्या मोठ्या धमनीला सुई लागून तिच्या भिंतीला भोक पडलं होतं आणि बाहेर रक्ताचा फुगा धरला होता, त्यात जंतुसंसर्ग. वरून तो हुबेहूब गळवासारखा दिसतो. त्यावर ब्लेड चालवलं असतं तर त्या खोलीत, एका मामांच्या आणि एका ट्यूबलाइटच्या सोबतीनं, मला तो रक्तस्राव थांबवता आला नसता. लेक्चरर सर धावत आले. रात्री धमनी बांधावी लागली. पाय वाचला. तो जरा लंगडू लागला, आणि चौथ्या दिवशी पुन्हा गेला. टर्कीनंच गेला असणार. त्यानंतरचं मला माहीत नाही.

सरांनी मला दुसऱ्या दिवशी चांगलंच झापलं, धमनीवरची प्रत्येक सूज चाचपून बघायची म्हणून. बरोबरच होतं. पण माझ्या डोक्यात वेगळंच अडकून राहिलं होतं. तो खोटं का बोलला? दहा-बारा दिवसांपूर्वी याच वॉर्डात खरं बोलून त्याला काय मिळालं होतं? चहा पायाशी, ड्रेसिंग शेवटी, आणि टर्कीला डायक्लोफेनॅक.

मग सर्जरी पूर्ण झाली, लग्न झालं, ठाण्याच्या पुढे दवाखाना टाकला. मूळव्याध, गळवं, मधुमेहाचे पाय, रोजचं सुरू. सात-आठ वर्षांपूर्वी क्षयरोग विभागातल्या एका मित्राचा फोन आला. रेल्वेमार्गाच्या कडेला सुईनं नशा करणाऱ्यांसाठी एका संस्थेचं केंद्र आहे, तिथला डॉक्टर सोडून गेलाय, आठवड्यातून एक दिवस येशील का, मिळेल ते नाममात्र. मी महिनाभरासाठी हो म्हटलं. अजून गुरुवारी दुपारी तिथं असते.

केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक मोरी. मोरी फार महत्त्वाची. नव्यानं येणारे कित्येक जण पहिले काही दिवस फक्त आंघोळीला येतात. भिंतीला आरसा, त्याला दोरीनं बांधलेला कंगवा. कॅरम बोर्ड, त्याची राणी कायम हरवलेली, तिच्या जागी एका औषधाच्या बाटलीचं लाल झाकण. कोपऱ्यात जाड प्लास्टिकचा पांढरा डबा, वापरलेल्या सुया टाकायचा. आउटरीचची पोरं सकाळी पाठीला बॅग लावून रुळांकडे, पुलाखाली, बंद गोदामांच्या मागे जातात. नव्या सुया-सिरिंज देतात, जुन्या गोळा करून आणतात. यातले बरेच जण स्वतः या सगळ्यातून गेलेले, त्यामुळे कुठल्या भिंतीमागे कोण पडलेला असेल हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. इथंही प्रत्येकाला नंबर असतो. पहिल्या दिवशी मला ते खटकलं. मग कळलं की हा नंबर नाव झाकण्यासाठी आहे, उद्या कागद कुणाच्या हाती पडला तरी माणूस सापडू नये म्हणून.

घरी आईला हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. “म्हणजे तुम्ही त्यांना सुया वाटता?” “हो.” “उद्या दारुड्यांना ग्लास वाटाल.” आईशी वाद घालायचा तर उदाहरण घरातलं लागतं. आमच्या बाबांना मधुमेह होता, आणि मे महिन्यात आमरसाची वाटी समोरून उचलायची कुणाची टाप नव्हती. आमचे जुने फॅमिली डॉक्टर त्यांना कधी म्हणाले नाहीत की आमरस सोडा, मग माझ्याकडे या. ते म्हणायचे, “अण्णा, खाणार तर आहातच. मग त्या दिवशी पोळ्या दोन कमी करा, आणि सकाळी साखर तपासून घ्या.” बाबा त्यांना खरं सांगायचे. आम्हाला खोटं सांगायचे. आई भाजी निवडत राहिली. पटलं का, माहीत नाही. पण पुढच्या गुरुवारी तिनं केंद्रासाठी जुन्या टॉवेलांची पिशवी बांधून दिली.

सुईचं गणित तसं कोरडं आहे. एकच सिरिंज चौघांत फिरली की एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी, म्हणजे यकृताचा संसर्ग, रक्तातून रक्तात जातात. देशात प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण २०१७ च्या अंदाजानुसार ०.२२ टक्के होतं, सुईनं नशा करणाऱ्यांत त्याच वर्षी ६.२६ टक्के. स्वच्छ सुई मिळाली तर हा रस्ता तिथंच तुटतो, नशा सुटो वा न सुटो. हिपॅटायटिस सी तर आता बरा होणारा आजार आहे. २०१८ च्या जुलैपासून सरकारी कार्यक्रमात त्याचं औषध मोफत मिळतं, बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या. पूर्वी या आजारावर महिनोन्‌महिने इंजेक्शनं घ्यावी लागत, तीही ज्याला परवडतील त्याला. बारा आठवडे गोळ्या घेणं पुलाखालच्या माणसाला जमतं का, असं मला परवा एका डॉक्टर मैत्रिणीनं विचारलं. जो माणूस दिवसातून तीन वेळा, पावसात, पोलिसांना चुकवून, ठरल्या वेळी माल मिळवतो, त्याला वेळ पाळता येत नाही असं कसं म्हणायचं?

कायद्याची गंमत बघा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात नुसतं सेवन हाही गुन्हा आहे, गर्दसाठी वर्षभरापर्यंत कैद. त्याच कायद्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्याला काही अटींवर खटल्यातून सूट मिळू शकते. आणि एचआयव्हीचा २०१७ चा कायदा म्हणतो की संसर्ग टाळण्यासाठी सुया देणं किंवा पर्यायी औषध देणं हा गुन्हा धरता येणार नाही. म्हणजे सिरिंज कायदेशीर, आतलं बेकायदेशीर, आणि दोन्ही एकाच खिशात. आमच्या पोरांच्या बॅगेत म्हणून कायम एक लॅमिनेट केलेलं पत्र असतं. नवा हवालदार आला की ते त्याला वाचून दाखवावं लागतं. एकानं पूर्ण वाचलं, शांतपणे घडी घालायचा प्रयत्न केला, लॅमिनेट असल्यानं जमेना, आणि म्हणाला, “जा बाबा, साहेबांना नको सांगू मी बॅग उघडली ते.”

आमच्याकडची खरी वर्दळ सकाळची, गोळीची. ब्युप्रेनॉर्फिन. अफूच्याच कुळातलं औषध, पण मेंदूतल्या त्याच कुलपात अर्धवट फिरणारी किल्ली म्हणा. टर्की थांबते, हुरहुर थांबते, पण एका मर्यादेपुढे डोस वाढवला तरी नशा चढत जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्येच ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. सिस्टर गोळी कुटून तिची भरड जिभेखाली ठेवतात आणि ती विरघळेपर्यंत समोर बसवतात. गिळली तर फुकट जाते, म्हणून बोलायचं नाही. बाकावर आठ-दहा बाप्ये, एरवी एकमेकांची आई-बहीण काढणारे, जीभ वर करून पाच-सात मिनिटं घड्याळाकडे बघत मुके बसलेले असतात. कॅरमवर कुणी चुकीचा नेम धरला तर बाकावरून नुसते हात हलतात, “अरे तिकडून, तिकडून!”

पहिल्या डोसाचा नियम मात्र मला त्या सतरा नंबरकडे परत घेऊन जातो. अंगात गर्द असताना ही गोळी दिली तर ती त्याला जागेवरून ढकलून देते आणि माणूस थोड्याच वेळात भयंकर टर्कीत जातो. म्हणून मी नव्या माणसाला सांगते, “उद्या सकाळी काही न घेता ये. टर्की लागली की ये.” एकदा एक जण असा आला, शाल गुंडाळून, मे महिन्यात. मी बाहुल्या बघितल्या, हातावरचा काटा बघितला, जांभया मोजल्या. गोळी दिली. अर्ध्या-पाऊण तासानं त्यानं शाल काढली. तासाभरानं विचारलं, “वडापाव कुठं मिळेल?” त्या रात्री वॉर्डात जे मला नाटक वाटलं होतं, ते एका गोळीनं थांबणारं होतं. आमच्या वॉर्डात तेव्हा ती गोळी नव्हती, हे खरं. पण दुसरं काही देता आलं असतं, मानसोपचारवाल्यांना रात्रीच फोन करता आला असता. फोन वॉर्डात होता.

‘एक नशा सोडून दुसरी लावली’, हे मी किती वेळा ऐकलं असेल! त्यात तथ्य नाही असं नाही. ही गोळी बंद केली तरी टर्की येते, सौम्य पण लांबलेली. आमच्याकडचा एक जण सहा वर्षं गोळीवर आहे. टेम्पो चालवतो, मुलगी दहावीला आहे. सोडायची का म्हणून मी दरवर्षी विचारते, तो दरवर्षी म्हणतो, दहावी होऊ दे. पुढे बारावी होऊ दे म्हणेल. म्हणू दे. काही जण गोळी जिभेखालून रुमालात काढून बाहेर विकतात, तेही आम्हाला ठाऊक आहे. काही जण गोळीही घेतात आणि वरून बटणही, म्हणजे झोपेच्या गोळ्या, आणि हे मिश्रण श्वास बंद पाडू शकतं. अलीकडची पोरं तर एमडीवाली, म्हणजे मेफेड्रोन घेणारी. २०१५ मध्ये तो पदार्थ कायद्याच्या यादीत आला, बाजारातून काही गेला नाही. त्याला पर्यायी गोळीच नाही. त्या पोरांसमोर मी बसते, वजन करते, झोप लागते का विचारते. बाकी हात रिकामे.

पूर्ण सोडणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, तेव्हापासून महाराष्ट्रात निदान हे बोललं तरी जाऊ लागलं की हा आजार आहे, आणि तिथून बाहेर पडून उभं आयुष्य नीट जगलेली माणसं मी पाहिली आहेत. पण दाराशी पोचायला घर लागतं, आणणारी बायको किंवा भाऊ लागतो. आणि एक गोष्ट घरच्यांना कुणी सांगत नाही. महिना-दोन महिने बंद राहिल्यावर, मग ते व्यसनमुक्ती केंद्रात असो की तुरुंगात, शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर येऊन पाय घसरला आणि हात जुन्याच मापावर गेला, तर तेच माप जीव घेतं. आमच्याकडचा एक मुलगा असाच गेला, चोवीस वर्षांचा. सुटल्यावर तिसऱ्या दिवशी. घरात पेढे वाटून झाले होते.

त्याच्या मित्रांनी सांगितलं, तो घोरत होता, म्हणून झोपू दिला. ते घोरणं नव्हतं. ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि मिनिटाला चार-पाच श्वास, हा ओव्हरडोस. असा माणूस हलवून उठत नसेल तर १०८ ला फोन करायचा, श्वास मंदावला असेल तर तोंडानं द्यायचा, आणि श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवायचा. मिठाचं पाणी पाजायचं नाही, थंड पाण्याखाली धरायचं नाही. नालोक्सोन नावाचं इंजेक्शन दोन-तीन मिनिटांत माणसाला परत आणतं, १९७१ पासून अमेरिकेत वापरात आहे. मी पहिल्यांदा दिलं तेव्हा तो दचकून उठून बसला आणि मला शिव्या घातल्या, कारण सगळी नशा एका झटक्यात उतरली होती. पण हे औषध अर्ध्या ते दीड तासात ओसरतं आणि आतला माल अजून शिल्लक असतो, म्हणून त्याला जाऊ द्यायचं नसतं. मित्र हॉस्पिटलात का नेत नाहीत, तर पोलीस केस होते म्हणून. पुन्हा तेच. खरं सांगायची सोय नाही.

२०१९ मध्ये दिल्लीच्या एम्सनं केलेल्या देशभराच्या पाहणीचा अहवाल आला, त्यात सुईनं नशा करणारे साडेआठ लाख असा अंदाज होता. आकडा वाचला आणि मला साडेआठ लाख सायकली दिसल्या, ज्यांवरून कुणीच पडलेलं नव्हतं.

मागच्या महिन्यातली गोष्ट. गोळी सुरू होऊन तीनच आठवडे झालेला एक जण आला, दंडावर जुन्या सुईचं गळू, खोलवर. केंद्रात फोडण्यासारखं नव्हतं. सरकारी रुग्णालयात पाठवायचं ठरलं तर म्हणाला, “तिकडे नको मॅडम. दोन वेळा पळून आलोय.” मी चिठ्ठी लिहिली. गळवाबद्दल दोन ओळी, आणि खाली ठळक अक्षरांत: रुग्ण ब्युप्रेनॉर्फिनवर आहे, भरती असेपर्यंत रोजचा डोस चुकवू नये, आमच्या सिस्टर सकाळी वॉर्डात येऊन देतील, वेदनाशामक वेगळं लागेल. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा, त्याखाली माझा मोबाइल नंबर. आउटरीचचा एक मुलगा बरोबर गेला, ॲडमिशन होईपर्यंत थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात ड्रेसिंग करत होते, फोन वाजला. आवाज अगदी कोवळा, रात्रभर जागलेला.

“मॅडम, सर्जरी वॉर्डातून बोलतोय. तुमच्या सिस्टर आल्यात इथं, ती गोळी घेऊन. आमच्या सिस्टर म्हणतायत, हे लोक नाटकं करतात. द्यायची का?”

“द्यायची. जिभेखाली. पाच-सात मिनिटं बोलू देऊ नका.”

“बरं.” मग थोडं थांबून, “मॅडम, याची शीरच सापडत नाही हो. चार वेळा टोचलं.”

“त्याला विचार.”

पलीकडे फोन बाजूला झाल्याचा आवाज, मग पुटपुट, मग कुणाचं तरी हसणं. मी हातातला गॉज तसाच धरून उभी. पोरगा परत फोनवर आला.

“सापडली.”

“रात्री राहिला होता ना तो वॉर्डात?”

“हो, इथंच आहे. चहा मागतोय.”